सिम्युलेशनमधली इंटर्नशिप: रंगीत चित्राच्या आधीचं काम

प्रश्न थोडक्यात असा आहे: मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षात आहे, एफईए (वस्तूचे लहान तुकडे करून तिच्यावरचा ताण काढायची संगणकीय पद्धत) आणि सीएफडी (द्रव-वायूंच्या प्रवाहाचं संगणकीय गणित) यांचे दोन कोर्स झालेत, प्रमाणपत्रं आहेत. सिम्युलेशन इंटर्न म्हणून तीस-चाळीस ठिकाणी अर्ज केले, बहुतेकांकडून उत्तरच आलं नाही. एका ठिकाणी मुलाखत झाली, तर तिथे कॉम्प्युटरऐवजी कागद-पेन दिलं आणि तिथेच अडकायला झालं. आता आणखी कोणतं सॉफ्टवेअर शिकावं? आणि इंटर्नला नुसतं मेशिंग (मॉडेलचे लहान तुकडे पाडणं) करायला बसवतात असं सीनियर सांगतात, ते खरं आहे का?

आणखी सॉफ्टवेअर शिकू नका, निदान आत्ता तरी. का ते सांगते.

मी हे काम अठरा वर्षं करते आहे. बहुतेक काळ स्ट्रक्चरल, मधली काही वर्षं प्रवाहांचं. आमच्या गटात इंटर्न निवडायची आणि त्यांना हाताखाली घ्यायची जबाबदारी बराच काळ माझ्याकडे आहे. येणाऱ्या अर्जांपैकी बहुतेकांत सॉफ्टवेअरची सहा-सात नावं असतात आणि खाली एखादं लाल-निळं चित्र असतं: ब्रॅकेटचं, टर्बाइनच्या पात्याचं, रेसिंग कारच्या विंगचं. चित्र देखणं असतं. पण त्यातला आकडा बरोबर आहे हे कशावरून ठरवलं, याबद्दल एक ओळही नसते. मी ती ओळ शोधत असते. सॉफ्टवेअरची बटणं आम्ही पंधरा दिवसांत शिकवतो. आपल्याच उत्तरावर शंका घ्यायची आणि ती शंका फेडायची सवय पंधरा दिवसांत लागत नाही. ती घेऊन आलेला मुलगा किंवा मुलगी दिसली की माझा निर्णय तिथेच होतो.

तुम्हाला कागद-पेन दिलं ती मुलाखत घेणाऱ्याला काम कळत होतं. मीही तेच करते, आणि माझा प्रश्न वर्षानुवर्षं एकच आहे. स्टीलची पट्टी, २०० मिमी लांब, २० मिमी रुंद, १० मिमी जाड. एक टोक भिंतीत घट्ट, दुसऱ्या टोकावर १०० न्यूटनचा भार. टोक किती खाली येईल, आणि सर्वांत जास्त स्ट्रेस (दर क्षेत्रफळावरचं आतलं बल) कुठे आणि किती? सूत्र आठवत नसेल तर मीच सांगते: भार गुणिले लांबीचा घन, भागिले तीन ई आय. ई म्हणजे स्टीलचा ताठपणा, तो २,१०,००० मेगापास्कल धरा; आय पट्टीच्या छेदाच्या आकारावरून निघतो, तो येतो साधारण १,६६७. टोक ०.७६ मिमी खाली येतं आणि भिंतीजवळच्या कडेला स्ट्रेस ६० मेगापास्कल असतो. एवढं पाच-सात मिनिटांत होतं. मला हवं असलेलं बोलणं त्यानंतर सुरू होतं.

मी विचारते, हीच पट्टी एकाने सॉफ्टवेअरमध्ये केली आणि टोक ०.७६ च्या निम्मंही खाली आलं नाही. काय झालं असेल? बहुतेक जण लगेच म्हणतात, "मेश बारीक करायची." उत्तर चुकीचं नाही, पण ते औषध झालं, रोग सांगितलेला नाही. अधूनमधून एखादी मुलगी उलट मलाच विचारते, "जाडीत एलिमेंट किती आहेत? आणि कुठल्या प्रकारचे?" इथे मला आनंद होतो. कारण मेशच्या एकेका तुकड्याला एलिमेंट म्हणतात, आणि चार नोडच्या (कोपऱ्यांवरच्या बिंदूंच्या) टेट्राहेड्रॉनचा, म्हणजे चार त्रिकोणी बाजूंच्या तुकड्यांचा, जाडीत एकच थर दिला, तर प्रत्येक एलिमेंटच्या आत स्ट्रेन (ताणलं किंवा दाबलं जाण्याचं प्रमाण) एकसारखाच राहतो. वाकणाऱ्या पट्टीत तर तो वरच्या बाजूला ताण आणि खालच्या बाजूला दाब असा बदलायला हवा. एलिमेंटला ते दाखवताच येत नाही, म्हणून पट्टी खऱ्यापेक्षा कितीतरी ताठ वागते. मधल्या नोडसकट दहा नोडचे टेट्राहेड्रॉन घेतले की त्याच आकाराच्या मेशवर उत्तर ठिकाणावर येतं. हे ज्याला कळलं त्याला कुठलंही सॉफ्टवेअर द्या, तो वाट काढतो.

पुढचा प्रश्न कोपऱ्याचा. एल आकाराचा ब्रॅकेट आहे, आतला कोपरा काटकोनी, त्याला गोलाई दिलेली नाही. मेशचा आकार निम्मा केला की कोपऱ्यातला स्ट्रेस वाढतो, पुन्हा निम्मा केला की पुन्हा वाढतो, दर वेळी साधारण ३५ ते ४० टक्क्यांनी. मग खरा आकडा कोणता? खरं म्हणजे कोणताच नाही. लवचिकतेच्या सिद्धांताप्रमाणे अशा टोकदार आतल्या कोपऱ्यात स्ट्रेस अनंताकडे जातो. सॉफ्टवेअर प्रामाणिकपणे त्या अनंताचा पाठलाग करत असतं. तिथे खरी गोलाई मॉडेलमध्ये घालायची, किंवा कोपऱ्यापासून थोडं दूर बघून ठरवायचं, किंवा त्या जागेसाठी वेगळा निकष लावायचा. पण "कमाल स्ट्रेस ३४० मेगापास्कल" असं रिपोर्टात लिहून मोकळं व्हायचं नाही. इंटर्नच्या पहिल्या रिपोर्टात ही चूक मी इतक्या वेळा पाहिली आहे की आता ती मुलाखतीतच विचारते.

एवढा आग्रह का, असं वाटेल. म्हणून एक घडलेली गोष्ट सांगते. नॉर्वेमध्ये स्लाइप्नर ए नावाचा समुद्रातला तेल-वायूचा प्लॅटफॉर्म बांधत होते. त्याचा पाया म्हणजे काँक्रीटच्या २४ पोकळ कोठ्यांचा प्रचंड सांगाडा. २३ ऑगस्ट १९९१ रोजी स्टाव्हांगरजवळच्या खाडीत तो पाण्यात हळूहळू खाली उतरवण्याची चाचणी चालू असताना कोठ्यांमधली एक भिंत फुटली, पाणी आत घुसलं आणि सगळा सांगाडा बुडाला. तळावर आदळला तेव्हा रिश्टर मापनावर सुमारे ३ तीव्रतेचा धक्का नोंदला गेला. माणसं वाचली, नुकसान ७० कोटी डॉलरच्या घरात गेलं. चौकशीत निघालं ते असं: तीन कोठ्या जिथे जुळतात तिथल्या भिंतींवर एफईएची मेश जाडीभरडी आणि वेडीवाकडी होती, त्यामुळे तिथला शिअर स्ट्रेस (कातरणारा ताण) ४७ टक्क्यांनी कमी धरला गेला. त्या हिशेबावर भिंती बारीक ठेवल्या गेल्या आणि आतलं सळईकामही अपुरं पडलं. दुर्घटनेनंतर नीट मेश घेऊन पुन्हा विश्लेषण केलं तेव्हा ६२ मीटर खोलीवर भिंत जाईल असं उत्तर आलं. प्रत्यक्षात ती ६५ मीटरवर गेली. म्हणजे पद्धत सक्षम होती, सॉल्व्हर (समीकरणं सोडवणारं सॉफ्टवेअर) नावाजलेला होता. कमी पडलं ते, त्या एका जागेच्या आकड्याला कोणीतरी "हा इतकाच कसा?" असं विचारणं. नवीन इंटर्नला मी पहिल्या आठवड्यात हेच सांगते, आणि खोलीचे ते दोन आकडे फळ्यावर लिहून ठेवते.

आता रोजच्या कामातलं, अगदी जवळचं उदाहरण. मागे एका इंटर्नला मी तीच २०० मिमीची पट्टी दिली आणि पहिली नैसर्गिक कंप्रता (टिचकी मारल्यावर ती सेकंदाला किती वेळा कंप पावते ते) काढायला सांगितली. तासाभरात तो स्क्रीन घेऊन आला: ६.६ हर्ट्झ. पट्टी स्क्रीनवर छान डोलत होती. मी टेबलावर पडलेला तेवढाच एक स्टीलचा तुकडा उचलला, एक टोक घट्ट धरलं, दुसऱ्यावर पेनाने टिचकी मारली. ठण्ण असा आवाज आला. मी म्हटलं, "सेकंदाला सहा-सात वेळा हलणारी वस्तू डोळ्यांना दिसते, कानाला ऐकू येत नाही. आपल्याला इथे ऐकू आलं." तो गप्प झाला, जाऊन बसला, आणि अर्ध्या तासाने स्वतःच चूक शोधून आला. लांबी मिमीत, बल न्यूटनमध्ये घेतलं की वस्तुमान टनात घ्यावं लागतं, म्हणजे स्टीलची घनता ७.८५ गुणिले दहाचा उणे नववा घात. त्याने किलोग्रॅमच्या हिशेबाने उणे सहावा घात टाकला होता. वस्तुमान हजारपट झालं, कंप्रता हजाराच्या वर्गमुळाने, म्हणजे सुमारे ३१.६ पटींनी खाली आली. खरं उत्तर २०९ हर्ट्झ. गंमत बघा, स्वतःचं वजन धरलं नाही तर स्थिर भाराच्या गणितात हीच चूक मुळीच दिसत नाही, कारण तिथे घनता लागतच नाही. आदल्या दिवशी त्याचं विक्षेपाचं (टोक किती खाली येतं त्याचं) उत्तर बरोबर आलं होतं, म्हणून त्याने मटेरियल पुन्हा तपासलं नव्हतं. तो मुलगा नंतर उत्तम इंजिनिअर झाला. तो आजही रन मारण्याआधी मॉडेलचं एकूण वजन बघतो, आणि ते हाताने काढलेल्या वजनाशी जुळलं तरच पुढे जातो.

बाउंडरी कंडिशनबद्दल, म्हणजे वस्तू कुठे आणि कशी धरली आहे ते मॉडेलला सांगण्याबद्दल, मात्र मला स्वतःला किंमत मोजून शिकावं लागलं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी एका यंत्राच्या ब्रॅकेटचं कंपन-विश्लेषण केलं. बोल्टच्या भोकांना सगळ्या बाजूंनी 'फिक्स्ड' दिलं, मेश तीनदा बारीक करून पाहिली, उत्तर स्थिर होतं. मी निश्चिंत होते. चाचणीत कंप्रता माझ्या आकड्यापेक्षा जवळपास पाव हिश्शाने कमी आली आणि नेमकी यंत्राच्या फिरण्याच्या वेगाजवळ बसली. चाचणी करणाऱ्या तंत्रज्ञाने मला खाली बोलावलं, ब्रॅकेट ज्या पत्र्यावर बसवला होता त्यावर अंगठा दाबून दाखवला. पत्रा दबत होता. माझ्या मॉडेलमध्ये तो पत्रा नव्हताच. माझा ब्रॅकेट जगातल्या सर्वांत ताठ भिंतीला चिकटवलेला होता. मेश कितीही बारीक केली असती तरी ही चूक निघाली नसती, कारण मी चुकीचं गणित अगदी बरोबर सोडवत होते. त्या दिवसापासून, जमेल तेव्हा, वस्तू हातात घेतल्याशिवाय मी मॉडेल सुरू करत नाही. इंटर्नशिपमध्ये कारखान्यात किंवा चाचणी विभागात जायची संधी आली तर कामाचा दिवस बुडतोय असं समजू नका. दोन तास तिथे उभं राहून जे दिसतं ते महिनाभर स्क्रीनसमोर बसून दिसत नाही.

आता मेशिंगचं. सीनियर सांगतात ते बऱ्याच अंशी खरं आहे. पहिले काही आठवडे, कधी महिना-दीड महिना, तुम्ही कॅड मॉडेल साफ कराल, बारीक गोलाया आणि भोकं काढाल, फाटलेले पृष्ठभाग शिवाल, मिडसरफेस (पातळ भागाचा मधला पृष्ठभाग) काढाल, मेश कराल, मेशची गुणवत्ता तपासाल आणि पुन्हा मेश कराल. पण त्याला कमी लेखू नका. कुठली गोलाई काढून टाकली तर चालेल आणि कुठली काढली तर उत्तरच जाईल, हे ठरवणं म्हणजे भार कुठून कुठे वाहतो ते ओळखणं. क्रॅशचं काम असेल तर आणखी एक गोष्ट कळते. तिथे एक्सप्लिसिट पद्धतीत (वेळेच्या छोट्या टप्प्यांनी पुढे जाणाऱ्या) टाइम स्टेप, म्हणजे एका टप्प्याचा काळ, सगळ्यात लहान एलिमेंट ठरवतो. स्टीलमधून ध्वनिलहर सेकंदाला साधारण ५,००० मीटर जाते, म्हणजे ५ मिमीच्या एलिमेंटला टाइम स्टेप एक मायक्रोसेकंदाच्या आसपास. लाखो एलिमेंटमध्ये चुकून एखादा अर्ध्या मिमीचा राहिला, तर सगळ्या मॉडेलचा टाइम स्टेप दहापट लहान होतो. रात्रभरात संपणारा रन आठवडाभर चालू शकतो. मास स्केलिंगने (लहान एलिमेंटचं वस्तुमान मुद्दाम वाढवून) ते झाकता येतं, पण मग किती खोटं वस्तुमान घातलं त्याचा हिशेब ठेवावा लागतो. हे ज्याने स्वतःच्या मेशवर भोगलं आहे तो पुढे कधी आंधळेपणाने 'ऑटो मेश' दाबत नाही.

मात्र एक फरक ओळखा. मेशिंग करताना हे मॉडेल कशासाठी आहे, भार काय आहेत, निकालावरून कोण काय ठरवणार आहे, हे तुम्हाला सांगितलं जात असेल तर ती शिकवणी आहे. सहा महिने नुसत्या फाइल येतात, मेश होऊन जातात आणि निकाल तुम्हाला कधीच दिसत नाही, असं असेल तर ती शिकवणी नाही. म्हणून इंटर्नशिप स्वीकारण्याआधी थेट विचारा: मी केलेल्या मॉडेलचे निकाल मला बघायला मिळतील का? माझं काम कोण तपासेल? चाचणीच्या आकड्यांशी तुलना करायची संधी आहे का? आधीच्या इंटर्नने काय केलं होतं? या प्रश्नांना मोकळी उत्तरं मिळाली तर नाव लहान असलं तरी ती जागा घ्या. मी मोठ्या नावाच्या ठिकाणी सहा महिने नुसत्या स्लाइड बनवून आलेली मुलं पाहिली आहेत, आणि पाच माणसांच्या सल्लागार कार्यालयातून दोन महिन्यांत तयार होऊन आलेलीही.

कुठे बघायचं याबद्दल थोडक्यात. सगळे अर्ज गाड्या आणि विमानं बनवणाऱ्यांकडे जातात. पण पंप, व्हॉल्व्ह, प्रेशर व्हेसल, ओतकाम, प्लास्टिक मोल्डिंग, वैद्यकीय उपकरणं, इलेक्ट्रॉनिक्सचं कूलिंग, इमारतींवरचा वारा, पूर आणि नद्यांची मॉडेल्स या सगळ्यांत सिम्युलेशन चालतं आणि तिथे गर्दी कमी असते. सिम्युलेशन सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपन्याही इंटर्न घेतात. तिथे टेस्टिंगच्या गटात काम मिळालं तर बेंचमार्क सोडवून सोडवून हात तयार होतो. विद्यापीठांतले आणि संशोधन संस्थांतले प्राध्यापक उन्हाळ्यात विद्यार्थी घेतात. त्यांना पत्र लिहिताना त्यांचा एखादा शोधनिबंध खरोखर वाचून त्यातल्या एका आकृतीबद्दल नेमका प्रश्न विचारा. शंभर जणांना एकच पत्र पाठवण्यापेक्षा अशी सहा पत्रं जास्त पुढे नेतात.

प्रवाहांच्या बाजूचं एक उदाहरण देते, कारण सीएफडीत फसवणूक आणखी गोड असते. सरळ नळी, व्यास १० मिमी, रेनॉल्ड्स अंक (प्रवाह शांत की खळबळता ते सांगणारा) १,०००, प्रवाह लॅमिनार, म्हणजे थराथरांनी शांत वाहणारा. विद्यार्थी १०० मिमी लांबीची नळी घेतात, आत एकसारखा वेग देतात, रेसिड्युअल (समीकरणांत उरलेली चूक) दहाच्या उणे सहाव्या घातापर्यंत खाली जातात, सगळं हिरवं. मग दाबाची घट पुस्तकातल्या हेगन-प्वाझय सूत्राशी (पूर्ण विकसित लॅमिनार प्रवाहातली घट सांगणाऱ्या) ताडतात आणि ती बरीच जास्त निघते. मेश बारीक करतात, तरी जास्तच. कारण या वेगाला प्रवाह पूर्ण विकसित व्हायला नळीच्या व्यासाच्या पन्नास-साठपट लांबी लागते, म्हणजे इथे अर्ध्या मीटरहून अधिक. शंभर मिमीच्या नळीत सूत्र लागूच होत नाही. रेसिड्युअल खाली गेले याचा अर्थ दिलेली समीकरणं त्या मेशवर सुटली, इतकाच. आपल्याला हवी ती राशी, दाबाची घट किंवा लिफ्ट किंवा तापमान, स्थिरावली का, आत गेलेलं वस्तुमान बाहेर आलं का, हे वेगळं बघावं लागतं. टर्ब्युलन्स (खळबळत्या प्रवाहाचं) मॉडेल लावलं की भिंतीजवळच्या पहिल्या सेलची जाडीही बघावी लागते. वॉल फंक्शन (भिंतीलगतच्या थरासाठीचं तयार सूत्र) वापरायचं असेल तर वाय प्लस, म्हणजे त्या पहिल्या सेलचं भिंतीपासूनचं एककविरहित अंतर, साधारण ३० ते ३०० मध्ये हवा. भिंतीपर्यंत सगळं सोडवायचं असेल तर १ च्या आसपास. मुलाखतीत तुमचा सीएफडी प्रकल्प दाखवला की माझा पहिला प्रश्न "वाय प्लस किती होता?" हाच असतो. आकडा आठवत नसेल तरी चालतं, पण तो बघितलाच नसेल तर मग चित्राकडे मी पुन्हा बघत नाही.

तर अर्जासोबत काय जोडायचं? दहा प्रकल्पांची यादी नको, दोनच पण शेवटपर्यंत नेलेले. पहिला, ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे असा. नाफेम्स ही १९८३ पासून याच कामाला वाहिलेली संस्था आहे. तिच्या प्रमाण उदाहरणांत जाड लंबवर्तुळाकार प्लेटचं एक आहे, एलई-१० नावाचं. तिथे एका ठरलेल्या बिंदूवर स्ट्रेस उणे ५.३८ मेगापास्कल यायला हवा. किंवा लहान भोक असलेली रुंद प्लेट घ्या, भोकाच्या कडेला स्ट्रेस तिप्पट होतो हे कर्शने १८९८ मध्येच काढून ठेवलं आहे. प्रवाहांची आवड असेल तर वरचं झाकण सरकणारी चौकोनी पोकळी घ्या. तिचे वेगाचे तक्ते घिया आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये छापले, ते आजही सगळे ताडून बघतात. किमान तीन मेशवर सोडवा, उत्तर मेशच्या आकाराशी कसं बदलतं त्याचा आलेख काढा, आणि एक पानभर लिहा: कुठे जुळलं, कुठे नाही, का.

दुसरा प्रकल्प हाताने मोजलेल्या वस्तूचा. प्रयोगशाळा लागत नाही. स्टीलची फुटपट्टी घ्या, टेबलाच्या कडेला क्लॅम्पने घट्ट पकडा, २५० मिमी भाग बाहेर ठेवा. टोक दाबून सोडा आणि फोनवर सेकंदाला २४० फ्रेमने व्हिडिओ काढा. पट्टी एक मिमी जाड असेल तर गणित सांगतं कंप्रता १३ हर्ट्झच्या आसपास, म्हणजे एका कंपाला साधारण १८ फ्रेम. दहा कंपांच्या फ्रेम मोजा. मग मॉडेल करा. नंतर टोकाला एखादं लहानसं वजन चिकटवा, पुन्हा मोजा, पुन्हा मॉडेल करा. क्लॅम्प थोडा ढिला करून बघा, कंप्रता किती उतरते ते पाहा, आणि ती ढिलाई मॉडेलमध्ये कशी दाखवायची याचा विचार करा. माझ्या त्या ब्रॅकेटने मला जे शिकवलं ते तुम्हाला इथे एका दुपारात शिकायला मिळेल.

सॉफ्टवेअरचा प्रश्न यातूनच सुटतो. कॅल्क्युलिक्स, कोड अ‍ॅस्टर, ओपनफोम, पॅराव्ह्यू हे सगळं मोफत आणि मोकळं आहे. मोठ्या व्यावसायिक पॅकेजांच्या विद्यार्थी आवृत्त्याही मिळतात. त्यांत नोडसंख्येवर मर्यादा असते, पण वरच्या कामांना ती पुरते. चोरीची, क्रॅक केलेली आवृत्ती वापरू नका. त्यावर केलेलं काम तुम्ही उघडपणे दाखवू शकत नाही, आणि ती सवय घेऊन कंपनीत आलात तर तुमच्यामुळे कंपनी अडचणीत येते. याशिवाय एकच गोष्ट शिका: पायथन. निकालाच्या फाइली वाचणं, वीस रन ओळीने लावणं, आलेख काढणं एवढं आलं की पहिल्या महिन्यातच गटाला तुमचा उपयोग होतो.

अर्जाचं पत्र अर्ध्या पानाचं ठेवा. "मला सिम्युलेशनची प्रचंड आवड आहे" या वाक्याऐवजी असं काही लिहा: फुटपट्टीची मोजलेली कंप्रता आणि मॉडेलची कंप्रता यांत सहा टक्के फरक आला, त्यातले चार टक्के पकडीच्या लवचिकतेने समजले, उरलेले दोन जाडी मोजण्यातल्या चुकीच्या आत बसतात. आकडे अर्थात तुमचे स्वतःचे. असं वाक्य असलेलं पत्र मी बाजूला ठेवून दिलं, असं माझ्या आठवणीत तरी झालेलं नाही.

जागा मिळाल्यावर पहिल्या दिवसापासून वही ठेवा. प्रत्येक रनला तारीख, काय बदललं, का बदललं, काय अपेक्षित होतं, काय आलं. "अपेक्षित" हा रकाना रन मारण्याआधी भरायचा. नंतर भरला तर त्याचा काही उपयोग नाही. फाइलींना "फायनल", "फायनल२", "नवीन फायनल" अशी नावं देऊ नका. अडलात तर अर्धा दिवस स्वतः झगडा, मग मेंटरकडे जा, पण जाताना काय काय करून पाहिलं ते सांगा. चूक सापडली, आणि रिपोर्ट आधीच गेला असला, तरी त्याच दिवशी सांगा. अशा वेळी रागावणारे मेंटर भेटतील, पण तुम्हाला पुन्हा बोलावतील ते हेच लोक.

आणि संपण्याच्या दोन आठवडे आधी मेंटरशी बसून ठरवा की यातलं काय बाहेर दाखवता येईल. कंपनीची जिऑमेट्री, भार, चाचणीचे आकडे नेता येत नाहीत. न विचारता नेऊ नका. पण पद्धत बहुतेक वेळा सांगता येते, आणि तोच प्रश्न एखाद्या साध्या सोप्या आकारावर पुन्हा करून दाखवायला सहसा परवानगी मिळते. ती लेखी घ्या.

तुमच्या पुढच्या अर्जाआधी मात्र फुटपट्टीचं काम करा. फ्रेम मोजल्यावर १३ च्या जागी ११ आले, तर ११ च लिहा. पट्टीची जाडी व्हर्नियरने मोजा, क्लॅम्पच्या तोंडापासून पुन्हा लांबी मोजा, कुठे फट आहे का बघा, आणि ११ का आले त्याचं एक पान तयार करा. अर्जाला तेच जोडा.